मंगळवारी आलेला शुक्रवार

ह्यांचा कान गेला त्या सकाळी हे अंथरुणात पडल्यापडल्या हसले होते. मी डोळ्यांनी बघितलंय. जागे झाले, छताकडे बघत जरा वेळ पडून राहिले, हसले आणि कूस बदलून पुन्हा झोपले. मला वाटलं, म्हातारा आज लाडात आलाय. मी हंडा-कळशी घेऊन नळावर गेले.

का हसले ते नंतर कळलं. त्यांना वाटलं, आज शुक्रवार आहे.

आमच्याकडे शुक्रवार कळायला कॅलेंडर लागत नाही. सालवडला आमची चाळ कापडाच्या कंपन्यांच्या पाठीला चिकटून आहे. मागच्या भिंतीपलीकडे लूम. सुट्टीचा दिवस सोडला तर ती धडधड कायम चालू. लग्न होऊन सांगलीकडून इथं आले तेव्हा मला रात्र रात्र झोप यायची नाही. आता उलटं झालंय, धडधड थांबली की जाग येते. शुक्रवारी कंपन्या बंद, म्हणून तेवढी एक सकाळ गप्प असते. सगळं आयुष्य लूमवर गेलेल्या माणसाला जाग आली आणि सगळं गप्प असलं, तर तो दुसरं काय समजणार? सुट्टी समजला आणि झोपला.

तो मंगळवार होता.

मी पाणी घेऊन आले तर हे अजून घोरतायत. डबा भरून ठेवलेला, शिफ्टची वेळ झालेली. मी गदागदा हलवलं. "अहो, कंपनी काय तुमच्या सासऱ्याची आहे का?"

हे माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "आज शुक्रवार ना?"

"कसला शुक्रवार? मंगळवार आहे. उठा!"

"मग लूम का बंद आहेत?"

"कुठं बंद आहेत? धडधडतायत की!"

ते उठून बसले. करंगळी कानात घालून हलवली, मान झटकली, पुन्हा हलवली. मग म्हणाले, "दडा बसलाय." आणि डबा उचलून निघाले.

दडा बसणं ही आमच्याकडे काही मोठी गोष्ट नाही. शिफ्ट संपवून घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाचा कान बंद झालेला असतो. जेवण होईपर्यंत कुणाचा सुटतो, कुणाचा दुसऱ्या दिवशी. त्याच्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. फरक एवढाच की ह्यांचा डावा कान लहानपणीच फुटून गेलेला. त्याच्यातून कधी काही ऐकू आलं नव्हतं. जे काय जग होतं ते उजव्या कानात होतं. आणि दडा बसला होता तो उजव्याला.

आता तुम्ही म्हणाल, ठार ऐकू येत नाही आणि बायकोला कळलं नाही? नाही कळलं. लूमवर कोणी कानानं ऐकतच नाही. तिथं माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात आणि हातानं खुणा करतात. धागा तुटला त्याची खूण वेगळी, सुपरवायझर आला त्याची वेगळी, चहाची तर लांबूनच दिसते. तीच सवय घरी येते. मी काही बोलले की हे आधी माझ्या तोंडाकडे बघणार, मग उत्तर देणार, हे लग्नापासूनचं. माझा आवाजही त्यामुळे असा झालाय. माहेरी गेले की भाऊ म्हणतो, "अक्के, हळू बोल की, आम्ही काय लूमवर उभे आहोत का?"

तर हे तसेच कंपनीत गेले. ठार बहिरा माणूस रोज शिफ्ट करून येत होता आणि खात्यात एकालाही पत्ता लागला नाही. घरी आल्यावर मी बोलायची, हे ओठ वाचून उत्तर द्यायचे. जेवणात मीठ कमी पडलं तेसुद्धा सांगायचे. मी लसणीचं कोमट तेल घातलं कानात. मासळी घेऊन चाळीत येणारी कोळीण पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "आमी पन तेलच घालतो, बाकी काय नाय. सुटेल गो दडा." मीही तेच म्हणत होते.

मग खरा शुक्रवार उजाडला. मी कुकर लावला, ह्यांना खुणेनं सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले तर चाळीच्या तोंडापर्यंत डाळ जळल्याचा वास. ओट्यापाशी धूर, कुकर काळाठिक्कर, आणि हे त्याच्याकडे पाठ करून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. सर्दीनं नाक चोंदलं होतं, त्यामुळे वासही नाही. मी मागून ओरडले. हे हलले नाहीत. मी आणखी मोठ्यानं, घसा फाटेस्तोवर ओरडले. शेजारीण धावत आली, समोरचा माणूस धावत आला. ह्यांनी पेपराचं पान उलटलं.

मी पुढं जाऊन त्यांचा चेहरा धरला आणि विचारलं, "तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?"

हे म्हणाले, "सुटेल गं." पण म्हणाले ते केवढ्या मोठ्यानं! त्यांना स्वतःचा आवाजही कळत नव्हता.

तिथून धावपळ. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मळ आहे म्हणून थेंब दिले. थेंब संपले, मळ काही निघाला नाही. मग कोणीतरी सांगितलं, पालघरला कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडं जा. गेलो. त्यांनी कानात बघितलं, काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं, आणि पहिला प्रश्न माझ्याकडे बघून विचारला, "कधीपासून?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा मळ नाही, मावशी. आतली नस अचानक बसलीय. असं झालं की पहिल्या एकदोन दिवसांत यायचं असतं."

"येईल ना परत?"

"प्रयत्न करू."

प्रयत्न करू म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. मी पण दारात आलेल्या भांडीवाल्याला 'बघू' म्हणून तसंच वाटेला लावते.

दवाखान्यात आम्ही ज्या बाकावर नंबराची वाट बघायचो, त्याच बाकावर उमरोळीची एक मुलगी बसलेली असायची. नुकतं लग्न झालेलं, बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. तिचाही असाच एक कान गेलेला, अचानक. पण ती दुसऱ्याच दिवशी आलेली. फोनवर आईशी बोलता बोलता आवाज बंद झाला, तिला वाटलं फोन बिघडला, दुसऱ्या कानाला लावला तर आई बोलतेय. कळलं लगेच. आजकालच्या पोरांच्या कानाला फोन चिकटलेलाच असतो, आपण नावं ठेवतो, पण त्याच फोननं तिला वाचवलं. ह्यांनी जन्मात कधी फोन कानाला लावला नाही. आमच्या मुलीचा नाशिकहून आला तरी माझ्याकडेच द्यायचे.

तिला त्याच गोळ्या, ह्यांना त्याच गोळ्या. तिचा चेहरा जरा सुजला, भूक वाढली, एवढंच. ह्यांना साखरेचा आजार. त्या गोळ्यांनी साखर अशी चढली की माणूस पंख्याखाली घामाघूम, सारखं पाणी पाणी, डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टरीणबाईंना गोळ्या कमी कराव्या लागल्या आणि वरून इन्सुलिनची सुई सुरू झाली. दुष्काळात तेरावा महिना. मग म्हणाल्या, औषध सरळ कानातच सोडू, पडद्यातून. ती सुई देताना मी बाहेर उभी होते. ह्यांच्या कण्हण्याचा आवाज काचेतून ऐकू आला. ह्यांना स्वतःला तो ऐकू आला नसेल.

त्याच सुमाराला मी नवस बोलले. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा चालू होती. गर्दीत उभी राहून हात जोडले आणि म्हणाले, बाई, ह्यांच्या कानात आवाज पडेपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही. चप्पल तिथंच काढून पिशवीत घातली. कडक ऊन, कंपन्यांच्या रस्त्याचं डांबर वितळलेलं, त्यात खडी आणि लोखंडाचा कीस. तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कोळीण म्हणाली, "ह्ये काय गो करून घेतलंस? देवीला काय तुझे पाय पायजेत?" मी म्हटलं, तिला जे पाहिजे ते घेऊ दे, मला ह्यांचा कान पाहिजे.

हे माझ्या पायांकडे बघायचे. बोलायचे फक्त एवढंच, "चप्पल घाल की गं." सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी मान हलवून नाही म्हणायची.

आणि एके दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो तर ती उमरोळीची मुलगी नाचतच आत आली. तिचा आला. पुरता आला. नवऱ्याचा फोन त्याच कानाला लावून दाखवत होती, हसत होती, रडत होती. माझ्या पाया पडली. "काकी, आता काका पन बरं होतील, बघा तुमी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडानं म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो. पण खरं सांगते, मला ते बघवत नव्हतं. त्या पोरीचं वाईट व्हावं असं नाही वाटलं, देवाशप्पथ नाही. पण तिचाच का? तिचा दुसरा कान धडधाकट होता. ह्यांना हा एकच होता. ज्याच्याकडे दोन आहेत त्याला परत दिलास आणि ज्याच्याकडे एक होता त्याचा तोही नेलास, हा कुठला न्याय?

मी तशीच आत घुसले, नंबर नव्हता तरी. "बाई, तिचा आला. औषध तेच. मग ह्यांचा का नाही?"

डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "मावशी, ती पंचविशीची आहे. तिची नस ताजी होती, रक्त नीट पोचत होतं, औषध पूर्ण देता आलं, आणि ती वेळेवर आली. काकांची साठी झाली. कानानं आधीच एवढी वर्षं मशीनचा मार खाल्लाय. त्यात साखर, त्यात उशीर, आणि गेलंय तेही सगळंच्या सगळं. वय झालं की आत सावरायला शिल्लक कमी असतं."

"वय, वय, वय! वय काय आम्ही बाजारातून आणलं? ह्यांच्या वयाच्या कुणाचाच येत नाही का?"

"येतो. सत्तरीतल्या माणसाचाही आलेला मी बघितलाय. पण थोडं गेलेलं असलं तर. आणि असे कमी."

मी त्यातलं 'येतो' एवढंच घेतलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून मी ताट वाजवायला लागले. सकाळी चहा झाला की ह्यांच्या पाठीमागं ओट्यापाशी उभी राहून स्टीलचं मोठं ताट ओट्याच्या कडेवर आपटायचं. हे तेव्हा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. दाढी वाढलेली, काम सुटलेलं, जेवणात लक्ष नाही. एकदा म्हणाले, "कापूस भरल्यासारखं झालंय गं सगळीकडं. मला माझ्या पावलांचाही आवाज येत नाही." मी रोज आपटायची. हे हलायचे नाहीत. शेजारची बाई पहिल्यांदा भांडायला आली. मग तीच दारात उभी राहून बघायला लागली, आज वळतात का.

आणि एक दिवस हे उठले, दाढीचं सामान काढलं आणि कपाटापुढे पाटावर बसून दाढी केली. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, माणूस माणसात आला. रोज सकाळी दाढी करायला लागले. आणि दोनचार दिवसांत, मी मागून ताट आपटलं आणि हे वळले.

"काय आपटलंस?"

माझ्या हातातलं ताट पडलं. मी किंचाळले. शेजारीण धावत आली. मी पुन्हा आपटलं, पुन्हा वळले. "लांबून येतो आवाज," म्हणाले, "पण येतो." मी रडत होते, शेजारीण रडत होती. ह्यांनी उठून कोपऱ्यातल्या पिशवीतून माझी चप्पल काढली, तिच्यावरची धूळ हातानं झटकली आणि माझ्या पायांपुढे ठेवली. मी घातली. फोडांना चामडं लागून कळ आली तरी मला स्वर्गात गेल्यासारखं वाटलं. सगळ्या चाळीत पेढे वाटले. कोळणीला दोन दिले. ती म्हणाली, "पावली गो तुला आई."

डॉक्टरीणबाईंसाठी वेगळा पुडा घेतला आणि पालघरला गेलो. हे नको म्हणत होते. "कशाला आता तपासणी? आलंय ना?" मी ऐकते होय? त्या बाईच्या तोंडावर मारायचा होता मला तो रिपोर्ट.

ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. हे भराभर बटण दाबत होते आणि मी मनात मोजत होते. मग मशीनवरचा पोरगा थांबला. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, पुन्हा मशीनकडे, आणि मला म्हणाला, "काकी, काका आवाज नसतानाच दाबतायत."

"म्हणजे?"

"मी काही वाजवत नाहीये. तरी दाबतायत. आणि वाजवतो तेव्हा दाबत नाहीत."

"मग तुझं मशीन बिघडलंय!" मी त्याला घेतला फैलावर. "मेलं ते मशीन! घरी ऐकू येतंय त्यांना, सगळी चाळ साक्षीला आहे!" डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी स्वतः पुन्हा तपासलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही फरक नाही, मावशी. आता औषधानं काही होईल असं मला वाटत नाही. कानाला ऐकायचं मशीन लावून किती मदत होते ते बघू, पण पूर्वीचं ऐकणं यायचं नाही." पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच होता.

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. हे खिडकीबाहेर बघत होते. उमरोळी आली, गेली. घरी पोचल्यावर मी चप्पल काढली आणि पुन्हा पिशवीत घातली. ह्यांनी ते बघितलं.

मशीन खोटं बोलतंय असं मी स्वतःला बजावत होते. पण त्या पोराचं वाक्य डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कपाटापुढे पाटावर बसून गालाला फेस लावत होते. त्यांची पाठ माझ्याकडे. मी ओट्यापाशी गेले, ताट घेतलं, हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. माझ्याच्यानं ते आपटवेना. मागच्या भिंतीपलीकडे लूम चालू होते, घरात दुसरा आवाज नव्हता.

हे वळले.

अर्ध्या गालावर फेस, चेहऱ्यावर हसू. "ऐकलं," म्हणाले, चाळ हलेल एवढ्या मोठ्यानं. "आज कालच्यापेक्षा चांगलं आलं."

त्यांच्या मागं कपाटाच्या आरशात मी उभी होते, डोक्यापासून पायापर्यंत, हातात ताट उगारून.

माझ्या तोंडात काय काय शिव्या आल्या. खोटारड्या माणसा, देवीच्या नवसाशी खेळलास, चाळीला पेढे खायला लावलेस. बोलणार होते. तर हे माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते माझ्या पायांकडे बघत होते. फोड पुन्हा फुटले होते.

"आलंय ना आता ऐकू," म्हणाले. "मग चप्पल घाल की गं."

मी ताट खाली ठेवलं, अगदी आवाज न करता. ह्या घरात ओट्यापाशी चप्पल घालून मी कधी कुणाला येऊ दिलं नाही. देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. पिशवीतून चप्पल काढली, पायात घातली, आणि ह्यांना आरशात नीट दिसतील अशी पुढे जाऊन उभी राहिले.